पन्नास लिटरचा समुद्र : लहान सागरी मत्स्यालयाची उभारणी आणि स्थैर्य

नव्या काचेच्या टाकीत खारे पाणी भरावे, त्याच दिवशी रंगीत मासे सोडावेत आणि आठवडा संपण्याआधीच ते एकामागून एक दगावावेत, हा सागरी मत्स्यपालनात नव्याने उतरणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, मिठाचे प्रमाण बरोबर असते, मासेही आणताना धडधाकट असतात. त्यामुळे दोष विक्रेत्याला, माशांना किंवा दैवाला दिला जातो. प्रत्यक्षात कारण बहुधा एकच असते: टाकी भरलेली असते, पण तयार झालेली नसते.

लहान सागरी मत्स्यालय हा केवळ दिवाणखान्याचा शौक मानला जातो. तथापि विस्तार कार्यकर्ते आणि प्रगतिशील शेतकरी यांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. क्लाउनफिशसारख्या सागरी शोभिवंत माशांचे संगोपन हा किनारपट्टीवरील कुटुंबांसाठी पूरक व्यवसाय म्हणून पुढे येत आहे. त्यासाठी लागणारे बहुतेक सर्व ज्ञान, म्हणजे क्षारता, नत्रचक्र, विम्लता, प्राणवायू आणि खाद्याचा हिशेब, पन्नास लिटरच्या टाकीत अल्प खर्चात शिकता येते. ज्याला पन्नास लिटर पाणी सहा महिने स्थिर ठेवता आले, त्याने दोन हजार लिटरच्या संगोपन केंद्राचा विचार करावा. ज्याला ते जमले नाही, त्याचे नुकसान निदान एका टाकीपुरते राहते.

आधी कायदा, मग काच

या प्रकारच्या टाकीस जगभर ‘रीफ टँक’ म्हटले जाते, कारण तिच्यात प्रवाळखडकाच्या परिसंस्थेची छोटी प्रतिकृती उभी केली जाते. भारतात कच्छचे आखात, मन्नारचे आखात व पाल्कचा उपसागर, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार ही प्रवाळांची प्रमुख क्षेत्रे आहेत. महाराष्ट्रातही मालवणच्या समुद्रात आणि विजयदुर्गपासून दूर खोल समुद्रातील आंग्रिया बँकेवर प्रवाळ आढळतात. मात्र परदेशी चित्रफिती पाहून तशीच टाकी येथे उभारू पाहणारा अनवधानाने गुन्हा करून बसण्याची शक्यता असते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सर्व खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे. समुद्रघोडे व त्यांच्या कुळातील मासे आणि समुद्रकाकड्याही याच संरक्षणाखाली येतात. काही मोठे शंख-शिंपलेही संरक्षित आहेत. २०२२ च्या सुधारणेनंतर पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्यास किमान ३ व कमाल ७ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. जिवंत प्रवाळाप्रमाणेच मेलेला प्रवाळ, त्याचा दगड आणि त्याची वाळूही या कक्षेत येते. त्यामुळे समुद्रातून आणलेला ‘जिवंत खडक’ म्हणून बाजारात काही मिळाले, तरी ते घेऊ नये.

मग टाकीत उरते काय? पुष्कळ काही उरते. मानवनिर्मित सच्छिद्र खडक, त्यावर हळूहळू चढणारी गुलाबी-जांभळी चुनखडी शैवले, हिरवी समुद्री शैवले, लहान खेकडे, झिंगे आणि हॅचरीत जन्मलेले क्लाउनफिश एवढ्यातून परिसंस्था उभी राहते. क्लाउनफिशला टाकीत समुद्रफूल लागतेच असे नाही. त्याच्याशिवायही तो जगतो, जोडी जमवतो आणि अंडी घालतो. समुद्रफुले किंवा मऊ शरीराचे प्रवाळसदृश प्राणी ठेवण्याचा मोह झाल्यास आधी वन विभागाकडे विचारणा करावी आणि खरेदीची पावती जपून ठेवावी. अशा काही प्राण्यांच्या अंगात तीव्र विष असते, म्हणून ते उघड्या हाताने हाताळू नयेत.

टाकी जितकी लहान, तितका हिशेब कडक

लहान टाकी सोपी असते, हा सर्वसाधारण समज चुकीचा आहे. मोठ्या जलसाठ्यात चूक पसरून पातळ होते, लहान साठ्यात ती तशीच उभी राहते. एक मासा मेला आणि दिवसभर लक्षात आला नाही, तर हजार लिटरमध्ये काही बिघडत नाही, पन्नास लिटरमध्ये उरलेले मासेही जातात.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे बाष्पीभवन. जमीन क्षारपड कशी होते, हे ऊसपट्ट्यातील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही: पाणी वर उडून जाते आणि क्षार मागे राहतात. टाकीतही तोच नियम चालतो. समुद्राच्या पाण्याची क्षारता साधारण ३५ पीपीटी असते, म्हणजे एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ५० लिटर पाण्यात ते १,७५० ग्रॅम झाले. उन्हाळ्यात अशा टाकीतून दिवसाला एक लिटर पाणी सहज उडते. चार दिवस लक्ष दिले नाही, तर तेवढेच क्षार ४६ लिटरमध्ये उरतात आणि क्षारता ३८ पीपीटीवर जाते. काही मासे ती सोसतात, झिंगे आणि इतर अपृष्ठवंशीय प्राणी मात्र अडचणीत येतात.

याहून घातक चूक म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी घालणे. रोज एक लिटर खारे पाणी घातल्यास रोज ३५ ग्रॅम क्षारांची भर पडते. दहा दिवसांत क्षार २,१०० ग्रॅम होतात आणि क्षारता ४२ पीपीटीवर पोहोचते, तेही पाण्याची पातळी अगदी बरोबर दिसत असताना. म्हणून नियम असा की उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या, शुद्ध पाण्यानेच करावी. काचेवर पाण्याच्या पातळीची बारीक रेघ ओढून ठेवावी आणि रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे करून, पाणी त्या रेघेपर्यंत आणावे.

क्षारता मोजण्यासाठी समुद्री पाण्याचा रिफ्रॅक्टोमीटर वापरावा. द्राक्ष बागायतदारांकडे साखर मोजण्यासाठी असलेला ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर दिसायला तसाच असला, तरी त्याची मोजपट्टी वेगळी असते, तो येथे चालत नाही. उपकरण वेळोवेळी ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने तपासून घ्यावे. चुकीचे उपकरण रोज पाहणे हे उपकरण नसण्यापेक्षाही वाईट असते.

पाणी आणि मीठ

विहिरीचे, कूपनलिकेचे किंवा नळाचे पाणी थेट वापरू नये. त्यातील नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिका शैवलांना खाद्य पुरवतात, क्लोरीन उपयुक्त जिवाणू मारते, आणि तांब्याचा अंशही झिंगे-खेकड्यांना घातक ठरतो. आरओचे पाणी वापरावे, परंतु घरगुती आरओ यंत्रात चवीसाठी खनिजे परत मिसळण्याची सोय असते, ती बंद करून घ्यावी. शक्य असल्यास आरओनंतर डीआय रेझिनचा टप्पा जोडावा आणि टीडीएस शून्याच्या जवळ आणावा. तांब्या-पितळेची भांडी, नळ किंवा जोडण्या या पाण्याच्या वाटेवर कोठेही नसाव्यात.

मिठाच्या बाबतीत काटकसर करण्याचा मोह आवरावा. समुद्रातील क्षारांपैकी वजनाने सुमारे ८५ टक्के भाग सोडियम आणि क्लोराइड यांचा असला, तरी उरलेल्या भागात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट असतात. स्वयंपाकाचे मीठ पाण्यास खारट करते, समुद्र करत नाही. मत्स्यालयासाठी तयार केलेले कृत्रिम समुद्री मीठ वापरावे. साधारणपणे लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम मीठ लागते, अंतिम निर्णय मात्र वजनकाट्यावर नव्हे तर रिफ्रॅक्टोमीटरवर करावा. मीठ पाण्यात घालावे, मिठावर पाणी ओतू नये, कारण तसे केल्यास कॅल्शियम साका होऊन तळाशी बसतो. मिश्रण लहान पंपाने किमान काही तास, शक्यतो रात्रभर, फिरते ठेवून मगच वापरावे.

किनाऱ्यावरील पालकांस नैसर्गिक समुद्री पाणी उपलब्ध असते. ते खाडीमुख, बंदर आणि सांडपाण्याच्या नाल्यापासून दूर, भरतीच्या वेळी घ्यावे. पावसाळ्यात किनाऱ्यालगतची क्षारता बरीच उतरते आणि गाळही येतो, म्हणून त्या काळासाठी पाण्याचा साठा आधीच करून ठेवावा. आणलेले पाणी गाळून, झाकून, अंधारात दोन आठवडे ठेवल्यास त्यातील तरंगते जीव तळाशी बसतात.

मांडणी

६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३५ सेंमी उंच टाकीची क्षमता ६३ लिटर भरते. वरची मोकळी जागा, खडक आणि वाळू वजा जाता तिच्यात सुमारे ५० लिटर पाणी राहते. नवशिक्याने याहून लहान टाकी घेऊ नये. टाकी भक्कम, सपाट आधारावर ठेवावी. भरलेल्या टाकीचे वजन सत्तर किलोच्या आसपास जाते. खिडकीचे थेट ऊन तिच्यावर पडू नये.

खडक हे या टाकीचे मूत्रपिंड आहे. सच्छिद्र चिनी मातीचे तयार खडक वापरता येतात. घरी करावयाचे असल्यास सिमेंट, कुक्कुटखाद्यात वापरला जाणारा शिंपल्यांचा चुरा आणि जाडे मीठ यांचे मिश्रण साच्यात ओतावे. मीठ पुढे विरघळून छिद्रे मागे राहतात. सिमेंटमुळे सुरुवातीला पाण्याचा सामू फार चढतो, म्हणून असे खडक अनेक आठवडे गोड्या पाण्यात, पाणी बदलत, भिजत ठेवावेत. खडकासह ठेवलेल्या ताज्या पाण्याचा सामू दोन-तीन दिवसांनंतरही ८.५ च्या खाली राहिला, तरच ते टाकीत घ्यावेत. पन्नास लिटरला पाच-सहा किलो खडक पुरेसे होतात. ते काचेला चिकटवून न रचता सर्व बाजूंनी पाणी फिरेल असे ठेवावेत. तळाला दोन सेंमी धुतलेला शिंपल्यांचा बारीक चुरा चालतो. प्रवाळाची वाळू वापरू नये.

पाण्याची हालचाल तासाला एकूण क्षमतेच्या दहा ते वीसपट, म्हणजे ५०० ते १,००० लिटर क्षमतेच्या लहान पंपाने साधता येते. पंपाच्या तोंडाचा प्रवाह पृष्ठभाग हलवील असा वळवावा, कारण प्राणवायू तेथूनच आत येतो. खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, ही बाब गोड्या पाण्यातील मत्स्यशेतकऱ्याने विशेष ध्यानी घ्यावी. २८ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ७.८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्री पाण्यात सुमारे ६.४ मिलिग्रॅम.

तापमान २५ ते २८ अंशांच्या दरम्यान ठेवावे. आपल्याकडे अडचण थंडीपेक्षा उष्म्याची अधिक असते. पृष्ठभागावर लहान पंखा लावल्यास तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, मात्र बाष्पीभवन वाढते आणि गोड्या पाण्याची भरपाईही वाढवावी लागते. कोकणातील दमट हवेत पंख्याचा गुण कमी येतो, हेही लक्षात ठेवावे. प्रकाशासाठी एलईडी दिवा दिवसातून आठ तास, शक्यतो टायमरवर, पुरेसा होतो.

खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने सुरक्षिततेत हयगय नको. सर्व उपकरणे गळती-संरक्षक स्विचमधूनच जोडावीत. प्रत्येक वायर सॉकेटपेक्षा खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल. टाकीत हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी.

सहा आठवड्यांची प्रतीक्षा

माशांच्या विष्ठेतून, गलफडांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. शेतात युरियाचे नत्र पिकास मिळण्यापूर्वी जमिनीत हेच घडते. फरक एवढाच की जमिनीत हे जिवाणू आधीपासून असतात, नव्या टाकीत ते जवळजवळ नसतात. त्यांची वाढही मंद असते. म्हणून नव्या टाकीत आधी जिवाणू पाळावेत, मग मासे.

खाऱ्या पाण्यात घाई अधिक महाग पडते, त्याचेही कारण आहे. अमोनियाचा मुक्त वायुरूप अंश विषारी असतो आणि सामूबरोबर तो झपाट्याने वाढतो. सामू ७ असलेल्या गोड्या पाण्यात हा अंश एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो. सामू ८.२ असलेल्या उबदार समुद्री पाण्यात तो सात-आठ टक्क्यांवर जातो. तळ्यात खपून जाणारे प्रमाण येथे प्राण घेते.

रीत सोपी आहे. खडक, वाळू, पाणी, पंप हे सर्व सुरू झाल्यावर शुद्ध अमोनियम क्लोराइड ०.४ ग्रॅम, थोड्या पाण्यात विरघळवून घालावे. ५० लिटरमध्ये त्यामुळे नत्राच्या स्वरूपात लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. रसायन मिळत नसेल तर सोललेल्या कच्च्या कोळंबीचा छोटा तुकडा जाळीत टांगावा. रोगमुक्त, जुन्या टाकीतील खडकाचा एखादा तुकडा विरजणासारखा घातल्यास काम लवकर होते. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी परीक्षण संचाने मोजणी करून नोंद ठेवावी. आधी अमोनिया चढेल आणि उतरू लागेल, मग नायट्राइट चढेल, शेवटी तोही उतरून नायट्रेट दिसू लागेल. साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

गोड्या पाण्यात नायट्राइटमुळे माशांचे रक्त तपकिरी होते, हे मत्स्यशेतकऱ्यांना ठाऊक असते. समुद्री पाण्यात क्लोराइड विपुल असल्याने नायट्राइटचे विष पुष्कळसे बोथट होते. तरीही तो दिसत असेपर्यंत चक्र अपुरे आहे, एवढा अर्थ निश्चित घ्यावा. परीक्षा एकच: पुन्हा तेवढाच अमोनियम क्लोराइडचा हप्ता द्यावा. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर टाकी तयार झाली. त्यानंतर साचलेला नायट्रेट काढण्यासाठी निम्मे पाणी बदलावे.

याच सुमारास अनेकांचा धीर सुटतो. खडकांवर, काचेवर तपकिरी साय धरते, पाठोपाठ हिरवे केस फुटतात आणि टाकी विद्रूप दिसते. सिलिका व फॉस्फेट यांवर वाढणाऱ्या डायटम आणि तंतुमय शैवलांची ही अवस्था आहे. शेतातील तणांप्रमाणे मोकळ्या जागेचा पहिला ताबा ती घेतात. औषध ओतू नये. दिव्याचे तास कमी करावेत, शैवल हाताने काढावे, शुद्ध पाणी वापरत राहावे. काही आठवड्यांनी खडकावर चुनखडी शैवलाचे जांभळट ठिपके उमटू लागतात. टाकी स्थिर होऊ लागल्याची ती विश्वसनीय खूण होय.

पहिले रहिवासी

आधी शैवल खाणाऱ्या दोन-चार लहान गोगलगायी व एखादा शंखातील खेकडा सोडावा. पंधरा दिवस सर्व सुरळीत राहिले, तर हॅचरीत वाढवलेल्या क्लाउनफिशची लहान जोडी आणावी. पन्नास लिटरला तेवढी पुरे. हॅचरीतील पिल्ले टाकीच्या जीवनास सरावलेली असतात, कोरडे खाद्य घेतात, आणि त्यांच्यासाठी समुद्रातील खडक उकरावे लागत नाहीत. क्लाउनफिश जन्मतः नर असतात. गटातील सर्वांत मोठा मासा पुढे मादी होतो. म्हणून एक थोडे मोठे आणि एक लहान पिल्लू घेतल्यास जोडी आपोआप जुळण्याची शक्यता असते.

पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवावे. क्षारतेत फरक असल्यास टाकीतील पाणी थेंबथेंब मिसळावे. लांबच्या प्रवासातून आलेल्या पिशवीबाबत मात्र रेंगाळू नये. बंद पिशवीत कर्बवायूमुळे सामू उतरलेला असतो आणि साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून विक्रेत्याकडील क्षारता आधीच विचारून वेगळ्या संगरोध टाकीचे पाणी तेवढ्याच क्षारतेचे ठेवणे आणि मासे विनाविलंब तिच्यात सोडणे अधिक सुरक्षित. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

संगरोध टाळण्याची किंमत मोठी असते. सागरी पांढरे ठिपके हा परजीवी रोग मुख्य टाकीत शिरला, तर त्यावरील तांबेयुक्त औषध तेथे वापरता येत नाही, कारण ते झिंगे, खेकडे आणि गोगलगायींना मारते व खडकात मुरून राहते. नवे मासे तीन-चार आठवडे वेगळे ठेवणे हाच खरा उपचार आहे.

खाद्य, पाणीबदल आणि साधे गणित

टाकीत येणारे जवळजवळ सर्व नत्र खाद्यातून येते. समजा, खाद्यामुळे आठवड्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम नायट्रेट वाढतो आणि दर आठवड्यास दहा टक्के पाणी बदलले जाते. नायट्रेट कोठे स्थिरावेल? जेथे दहा टक्के म्हणजेच २ मिलिग्रॅम होतील तेथे, म्हणजे २० मिलिग्रॅमवर. खाद्य निम्मे केले, तर तो १० वर स्थिरावतो. खाद्य तेवढेच ठेवून हाच परिणाम साधायचा, तर दर आठवड्यास वीस टक्के पाणी बदलावे लागेल. मीठ विकत घेणाऱ्याने कोणता मार्ग स्वस्त, हे आपणच ठरवावे. दोन मिनिटांत मासे संपवतील एवढेच खाद्य, दिवसातून दोनदा, पुरेसे असते.

बदलाचे पाच लिटर पाणी आदल्या दिवशी तयार करून टाकीच्याच क्षारतेचे आणि तापमानाचे करून घ्यावे. त्याच दिवशी विम्लता मोजावी. प्रत्येक मिलिग्रॅम अमोनिया-नत्राच्या नत्रीकरणात कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने सुमारे ७ मिलिग्रॅम विम्लता खर्च होते. चुनखडी शैवलेही ती वापरतात. विम्लता लिटरला १२५ ते १६० मिलिग्रॅम राखावी. ५० लिटरमध्ये ती १० मिलिग्रॅमने वाढवण्यास सुमारे ०.८ ग्रॅम खाण्याचा सोडा, गोड्या पाण्यात विरघळवून हळूहळू घालावा. सामू रात्री उतरतो, दिवसा चढतो. बंद खोलीत कर्बवायू साचला तरीही तो उतरतो. ८.० ते ८.४ च्या आसपासच्या या चढउताराचा पाठलाग करत औषधे ओतू नयेत. विम्लता स्थिर असली की सामू स्वतःस सांभाळतो.

नोंदवहीत पुढील बाबी असाव्यात:

- रोज: तापमान, पाण्याची पातळी, घातलेले गोडे पाणी, माशांची भूक
- आठवड्यातून दोनदा: क्षारता, ३४ ते ३६ पीपीटी
- आठवड्यातून एकदा: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट, विम्लता, सामू
- महिन्यातून एकदा: कॅल्शियम, लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, आणि पंपाची साफसफाई

भारनियमनाच्या गावात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हा ऐच्छिक नव्हे, अनिवार्य भाग आहे. वीज गेल्यावर खाद्य देऊ नये, झाकण उघडावे आणि पंप नसल्यास भांड्याने पाणी उचलून वरून सोडत राहावे.

टाकीपासून व्यवसायाकडे

केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेच्या केरळमधील विळिंजम आणि तमिळनाडूतील मंडपम येथील केंद्रांनी क्लाउनफिशच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर सागरी शोभिवंत जीवांच्या संवर्धनाचे प्रशिक्षण स्थानिक महिलांना दिले आहे. महाराष्ट्रात नवी मुंबईतील ऐरोली येथे सागरी शोभिवंत माशांची हॅचरी उभी राहिली आहे. प्रजननाचा पहिला टप्पा अवघड असतो: अंडी सहा ते आठ दिवसांत उबतात, अळ्यांना आधी रोटीफर आणि मग आर्टेमिया हे जिवंत खाद्य द्यावे लागते. म्हणून लहान उद्योजकाने हॅचरीतून बोटभर पिल्ले घेऊन ती विक्रीयोग्य होईपर्यंत वाढवण्यापासून आरंभ करणे श्रेयस्कर. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्य संगोपन केंद्रांचा समावेश असून सर्वसाधारण प्रवर्गास ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांस ६० टक्के साहाय्याची तरतूद होती. चालू स्थिती जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात तपासून मगच आराखडा करावा.

किनाऱ्यापासून दूरच्या शेतकऱ्याने आणखी एक हिशेब आधी मांडावा. २,००० लिटरच्या केंद्रात आठवड्यास दहा टक्के पाणी बदलल्यास २०० लिटर पाण्याबरोबर ७ किलो क्षार बाहेर पडतात, वर्षाला सुमारे ३६० किलो. ते परसात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतले, तर मासे वाढतील आणि जमीन जाईल. अस्तर लावलेल्या उथळ कुंडात पाणी उन्हाने आटवून उरलेले मीठ गोळा करण्याची व्यवस्था झाल्याशिवाय अंतर्गत भागात असे केंद्र सुरू करू नये. त्याचप्रमाणे नको झालेला कोणताही प्राणी किंवा शैवल समुद्रात, खाडीत वा ओढ्यात सोडू नये. मत्स्यालयातून निसटलेले कॉलेर्पा टॅक्सिफोलिया हे शैवल १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्यावर प्रथम दिसले आणि पुढे भूमध्य समुद्राच्या मोठ्या भागात पसरले. आपल्या किनाऱ्यावर तसे घडू द्यायचे नसेल, तर काळजी टाकीपाशीच घ्यावी लागते.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रशिक्षण केंद्रात अशी एक टाकी आणि तिच्याशेजारी तिची नोंदवही उघडी ठेवावी. पाहुण्यांचे लक्ष आधी नारिंगी माशांकडे जाईल. त्यांना नोंदवहीतील पहिली सहा पाने दाखवावीत, ज्या आठवड्यांत टाकीत एकही मासा नव्हता आणि तरीही रोज कोणीतरी पाणी मोजत होते. ती पाने वाचूनही ज्याचा उत्साह टिकेल, तो या व्यवसायास योग्य माणूस समजावा.